लाल दिवा का लुकलुकतो?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला ताई अमेरिकेहून आली, तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेले एक करडे खोके होते. तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, लहानपणीचा व्हिडिओ गेम. 'निन्टेंडो एन्टरटेन्मेंट सिस्टिम' असे त्याचे लांबलचक नाव. तिकडे त्याला नुसते 'एनईएस' म्हणतात. सोबत चार कॅसेटी, दोन कंट्रोलर, एक प्लॅस्टिकचे पिस्तूल आणि विटेसारखा जड अ‍ॅडॅप्टर. ताई म्हणाली, "कित्येक वर्षं बंद पडलाय. टाकवत नव्हता. तू बघ काही होतंय का."

मी आयटीआयचा रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. १९९२ पासून आठ वर्षे मिरजेत माझे दुरुस्तीचे लहान दुकान होते आणि संध्याकाळी त्याच दुकानात मी मुलांना तासावर व्हिडिओ गेम खेळायला देत असे. पुढे दुकान बंद झाले, पोटासाठी दुसरे काम धरले. पण घरातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा इतिहास गोळा करण्याचा नाद सुटला नाही. कुठल्या विद्यापीठाशी माझा संबंध नाही. जे काही शिकलो ते झाकण उघडून, खुणा वाचून आणि चुका करून.

त्यातली एक चूक त्याच संध्याकाळी केली. अ‍ॅडॅप्टरवरची अक्षरे न वाचता तो प्रवासी प्लगमध्ये खुपसला आणि बटण दाबले. काही सेकंद घुरघुर झाली आणि वार्निश जळल्याचा ओळखीचा वास घरभर पसरला. अ‍ॅडॅप्टरवर स्वच्छ लिहिले होते : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्या भिंतीतून येतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने हे करावे याची लाज वाटली, म्हणून तेव्हा ताईला "जुना होता, गेला" एवढेच सांगितले. आज इथे खरे लिहितो.

त्या यंत्राच्या दुरुस्तीची ही हकीकत आहे. पण दुरुस्ती करताना प्रत्येक बिघाड मला कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी घेतलेल्या एखाद्या निर्णयापर्यंत घेऊन गेला. बिघाड हा इतिहासाचा पुरावा असतो, असे माझे म्हणणे आहे. हा पुरावा वाचता यावा यासाठी मात्र यंत्रावर काहीतरी लिहिलेले असावे लागते. माझ्या स्वतःच्या दुकानातल्या यंत्राच्या बाबतीत ते का जमले नाही, हेही शेवटी सांगायचे आहे.

वीज

जळाला तो फक्त अ‍ॅडॅप्टर की आतले यंत्रही? हा पहिला प्रश्न. एनईएसचा अ‍ॅडॅप्टर आपल्याकडच्या एलिमिनेटरसारखा डीसी देत नाही. त्यात नुसता ट्रान्सफॉर्मर आहे आणि तो ९ व्होल्ट एसीच बाहेर काढतो. एसीचे डीसी करण्याचे काम खोक्यातला ब्रिज रेक्टिफायर करतो, मग २२०० मायक्रोफॅरडचा एक मोठा कपॅसिटर ते सपाट करतो आणि ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर त्यातून बरोबर ५ व्होल्ट देतो. ७८०५ म्हणजे आम्हा मेकॅनिक मंडळींचा जुना स्नेही. निम्म्या हिंदुस्थानातल्या टेप-रेडिओच्या खोक्यांत तो सापडेल.

कागदावर हिशेब मांडला. ९ व्होल्ट एसीचे शिखर असते १२.७ व्होल्ट. भिंतीतला दाब जवळजवळ दुप्पट झाल्यामुळे त्या काही सेकंदांत ते २४-२५ च्या आसपास गेले असणार. कपॅसिटरवर छापले होते २५ व्होल्ट. ७८०५ तर आत येणारे ३५ व्होल्टपर्यंत सहन करतो. म्हणजे कपॅसिटर उंबरठ्यावर उभा राहून वाचला होता. तरीही तो नवा घातला. इतक्या वर्षांच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर कुणी विश्वास ठेवू नये. मग बाजारातून ९ व्होल्टचा साधा एलिमिनेटर आणला. आत ब्रिज असल्यामुळे त्याला डीसी दिले तरी चालते आणि उलटसुलट जोडले तरी बिघडत नाही. मल्टिमीटर लावला : रेग्युलेटरच्या बाहेर ५.०२ व्होल्ट. यंत्राला प्राण होता.

कॅसेट घालून बटण दाबले. लाल दिवा लागला, विझला, लागला, विझला. सेकंदाला एकदा, घड्याळ लावून घ्यावे इतका नेमका. टीव्हीचा पडदाही त्याच तालात एकरंगी उजळत आणि विझत होता.

बहात्तर संपर्क

अमेरिकेत ज्यांचे बालपण १९८०च्या दशकात गेले, त्यांना हा लुकलुकता दिवा पाठ आहे. मी मात्र तो पहिल्यांदाच पाहत होतो. आठ वर्षे रोज व्हिडिओ गेम हाताळले; चित्र तुटणे, पट्टे येणे, आवाज जाणे हे सगळे पाहिले, पण दिवा कधी लुकलुकला नाही. आमच्याकडची यंत्रे या यंत्राचीच भावंडे, मग हा आजार यालाच का? याचे उत्तर शोधायला क्योटोपर्यंत जावे लागले.

निन्टेंडो ही क्योटोतली १८८९ साली सुरू झालेली कंपनी, मुळात 'हानाफुदा' नावाचे फुलांचे पत्ते बनवणारी. १५ जुलै १९८३ रोजी तिने जपानमध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' हे यंत्र १४,८०० येनला बाजारात आणले. लोकांनी त्याचे 'फॅमिकॉम' केले. त्याची रचना मासायुकी उएमुरा या अभियंत्याने केली होती. उएमुरा आधी शार्प कंपनीत होते आणि प्रकाश ओळखणारे सेल विकत. त्याच सेलमधून निन्टेंडोची प्रकाशाच्या बंदुकीची खेळणी निघाली आणि उएमुराही पुढे तिथेच गेले. त्यांचे निधन डिसेंबर २०२१ मध्ये झाले. फॅमिकॉममध्ये कॅसेट वरून सरळ खाली खोचायची. ६० संपर्क, घट्ट पकड, बाकी काही भानगड नाही. कुलूपही नाही.

त्याच १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. वाटेल त्याने वाटेल तशा कॅसेटी काढल्या होत्या, दुकाने न खपलेल्या मालाने भरली होती. अटारी कंपनीने सप्टेंबर १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दो गावच्या कचराडेपोत आपला माल पुरला. एप्रिल २०१४ मध्ये तो उकरला तेव्हा मातीतून खरोखरच कॅसेटी निघाल्या. अमेरिकेतले दुकानदार 'व्हिडिओ गेम' हा शब्दही ऐकून घ्यायला तयार नव्हते. अशा देशात फॅमिकॉम न्यायचा, तर तो व्हिडिओ गेम दिसताच कामा नये. म्हणून त्याला व्हीसीआरचे रूप दिले : करडे चौकोनी खोके, पुढे झाकण, झाकणाआडून कॅसेट आडवी आत सरकवायची आणि खाली दाबायची. सोबत दुकानदारांना भुलवायला एक छोटा यंत्रमानवही दिला. ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्क परिसरात विक्रीची चाचणी झाली आणि पुढच्या वर्षी ते देशभर गेले.

भाच्याच्या यंत्रातला पहिला दोष इथून येतो. कॅसेट सरळ खोचण्याऐवजी आडवी सरकवून दाबायची, तर संपर्काच्या पितळी पट्ट्या प्रत्येक वेळी वाकणार. हजारदा वाकली की कुठलीही पट्टी आपला ताण सोडते.

दुसरा दोष संपर्कांच्या संख्येत आहे. फॅमिकॉमचे ६०, अमेरिकी यंत्राचे ७२. हिशेब असा : जुन्या साठांतले २ वगळले, खोक्याच्या तळाच्या विस्तार-खोबणीसाठी १० वाढवले आणि ४ वाढवले ते कुलपासाठी. विस्ताराची खोबण शेवटपर्यंत झाकणाखालीच राहिली. तिला जोडायचे उपकरण कंपनीने कधी विकलेच नाही. म्हणजे बहात्तरांपैकी चौदा संपर्कांचा खेळाशी काहीही संबंध नाही. पण त्या चौदातले चार असे, की त्यातला एक जरी नीट टेकला नाही तरी बाकीचे सगळे टेकूनही उपयोग नाही.

कुलूप आणि किल्ली

हे चार संपर्क ज्या चिपकडे जातात तिचे नाव '१०एनईएस'. एक खोक्यात असते, एक प्रत्येक कॅसेटमध्ये. खोक्यातली कुलूप, कॅसेटमधली किल्ली. बटण दाबताच दोघी एकच प्रोग्रॅम एकाच तालात चालवू लागतात आणि आकड्यांची एक लांब माळ एकमेकींना ऐकवत राहतात. मण्याला मणी जुळला तर खेळ चालू. एक मणी चुकला की कुलूप मुख्य चिपला रीसेट करते, सेकंदभराने पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा रीसेट करते. लाल दिवा लुकलुकतो तो यामुळे. यंत्र बिघडलेले नसते. ते तुमच्यावर संशय घेत असते.

हे कुलूप अलामोगोर्दोच्या कचऱ्यातून जन्मले. निन्टेंडोने ठरवले की तिच्या परवानगीशिवाय कुणाचीही कॅसेट तिच्या यंत्रात चालणार नाही. परवाना घेणाऱ्या कंपनीला वर्षाला पाचच खेळ काढता येत आणि कॅसेटी निन्टेंडोकडूनच बनवून घ्याव्या लागत. बाजारात पुन्हा कचरा होऊ नये हा त्यातला चांगला हेतू आणि बाजार आपल्या मुठीत राहावा हा दुसरा. दोन्ही हेतू एकाच चिपमध्ये बसले. युरोपसाठी चिप वेगळी ठेवली, म्हणजे एका खंडातली कॅसेट दुसऱ्या खंडात चालू नये.

कुलूप म्हटले की चोर आलाच. अटारी गेम्स या कंपनीने आपल्या 'टेंगेन' या शाखेमार्फत स्वतःची किल्ली बनवायला घेतली. चिप तासून वाचायचा प्रयत्न पुरता साधला नाही, तेव्हा १९८८ साली तिच्या वकिलांनी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात अर्ज केला, की आमचा खटला सुरू आहे आणि त्यासाठी निन्टेंडोच्या प्रोग्रॅमची प्रत हवी आहे. असा खटला तेव्हा नव्हताच. प्रत मिळाली, तिच्यावरून 'रॅबिट' नावाची चिप बनली आणि मग खटला खरोखरच सुरू झाला. १९९२ साली अपील न्यायालयाने जे सांगितले ते दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे : एखादी वस्तू कशी चालते हे समजून घेण्यासाठी ती उलगडून पाहणे योग्य वापरात बसू शकते, पण खोटे बोलून मिळवलेल्या प्रतीवरून ती उलगडणाऱ्याला हे संरक्षण नाही. उघडून पाहण्याचा मार्ग न्यायालयाने खुला ठेवला, खोटेपणाला मात्र माफी दिली नाही.

पातेल्यातला कनेक्टर

कुलूप लुकलुकते याचा अर्थ किल्लीशी बोलणे तुटते आहे. खेळाचे संपर्क तुटले असते तर दिवा स्थिर राहून चित्रात कचरा दिसला असता. तेव्हा निदान सोपे होते : चार संपर्क.

मिरजेत असताना मुले काय करत ते आठवले. कॅसेट काढायची, तोंडाशी धरून माऊथऑर्गनसारखी फुंकायची, पुन्हा खोचायची. अमेरिकेतली मुलेही अगदी हेच करत, असे भाचा सांगतो. दोन खंडांतल्या मुलांना हे कुणी शिकवले नव्हते. गंमत अशी, की फुंकरीने काही होत नाही. कॅसेट काढून पुन्हा घातली की संपर्क घासले जातात आणि नव्या जागी टेकतात, गुण येतो तो त्यामुळे. फुंकरीबरोबर जाते ती वाफ आणि तिने पट्ट्या हळूहळू काळ्या पडतात. तात्पुरता उपाय कायमच्या आजाराला खतपाणी घालत होता.

कॅसेट उघडायची तर तिचे स्क्रूही नेहमीचे नाहीत. सुरुवातीच्या कॅसेटींना साधे स्क्रू होते, नंतरच्यांना आपल्या पान्यांना दाद न देणारे खास डोक्याचे स्क्रू आले. तेही एक कुलूपच. मी बॉलपेनची रिकामी नळी मेणबत्तीवर मऊ करून स्क्रूवर दाबून धरली. थंड झाल्यावर तिच्या तोंडाला त्या डोक्याचा साचा पडला. दोन स्क्रू तिने निघाले, तिसऱ्याला ती पिळवटली. मग रीतसर पाना मागवला.

कॅसेटींच्या कडा खोडरबराने अगदी हलक्या हाताने पुसल्या, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने. कॅसेटच्या पाठीवर 'बेंझिन, थिनर, अल्कोहोल वापरू नये' असे छापलेले आहे. सूचना मोडली हे कबूल. पण कापसाच्या काडीला पुरेल एवढेच घेतले आणि पूर्ण वाळू दिले. खोक्यातला ७२ संपर्कांचा कनेक्टर सुटा निघतो. नवा मिळतो, पण बाहेरच्या कारखान्यांतला आणि बऱ्याचदा इतका घट्ट, की कॅसेट ओढून काढताना दोन्ही हात लागावेत. मूळ कंपनीकडे जायचा मार्ग केव्हाच संपला आहे. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून तिने जपानमध्येही फॅमिकॉमची दुरुस्ती २००७ साली थांबवली. म्हणून जुनाच कनेक्टर पातेल्यात पाणी घालून दहा मिनिटे उकळला. पाणी फिकट तपकिरी झाले. बायकोने ते पातेले चहाच्या कामातून कायमचे बाद केले, तो या दुरुस्तीचा खर्च धरावा. दोन दिवस सुकवून, सुईने एकेक पट्टी किंचित वर उचलून कनेक्टर परत बसवला.

दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

पण दर पाचव्या-सहाव्या खेपेला अजूनही लुकलुके. यावर जगभरच्या हौशी लोकांनी ठरवलेला एक उपाय आहे : कुलपाच्या चिपची चार क्रमांकाची पिन कापायची. मग ती चिप स्वतःला कुलूप न समजता किल्ली समजू लागते आणि रीसेट करायचे सोडून देते. एक कटर, एक सेकंद, संशय कायमचा बंद. स्वतः निन्टेंडोने १९९३ साली काढलेल्या या यंत्राच्या नव्या, वरून कॅसेट घालायच्या अवतारात कुलूप ठेवलेच नाही.

कटर हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. मेकॅनिक म्हणून उत्तर सरळ होते : गिऱ्हाइकाला चालू वस्तू हवी असते. पण इतिहास गोळा करणाऱ्याचे मन तयार होईना. त्या चार संपर्कांत १९८३चा कोसळलेला बाजार होता, पाच खेळांची अट होती, तो खटला होता. पिन कापली की खेळ निर्वेध चालेल, पण हा पुरावा गप्प होईल. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, लहानपणी तो लुकलुकायचाच. नाही लुकलुकला तर माझा वाटणार नाही." पिन तशीच ठेवली. कनेक्टर पुन्हा एकदा उकळला.

वेगळा सूर

आता चित्राची पाळी. अमेरिकेतली रंगीत चित्रपद्धत एनटीएससी, आपल्याकडे १९८२ला रंगीत प्रक्षेपण आले ते पाल पद्धतीचे. त्या काळी तिकडून आणलेले यंत्र इथल्या टीव्हीला जोडले तर चित्र पळे किंवा काळेपांढरे दिसे; शिवाय त्याचा अँटेनाचा सिग्नल तिकडच्या ३ किंवा ४ क्रमांकाच्या चॅनेलचा. वीज, चित्र, चॅनेल अशा तीन भिंती. माझ्याकडे सुदैवाने दुकानाच्या दिवसांतला, दोन्ही पद्धती ओळखणारा काचेचा टीव्ही आहे. यंत्राच्या कुशीला चित्राचे आणि आवाजाचे वेगळे सॉकेट असतात, तिथून जोडले. पिस्तुलासाठीही हाच टीव्ही लागतो : चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि पिस्तुलातला प्रकाश-सेल तो हेरतो. ही सगळी वेळ जुन्या काचेच्या पडद्याच्या गतीवर बेतलेली आहे. आजच्या सपाट पडद्यासमोर ते पिस्तूल आंधळे आहे.

'सुपर मारिओ' सुरू झाला आणि मी चमकलो. संगीत भरभर वाजत होते. मारिओ घाईत होता. सूर तेच, पण लय पळती. वाटले, काहीतरी चुकले. चूक शोधायला पुन्हा मल्टिमीटर उचलला. चूक यंत्रात नव्हती, माझ्या आठवणीत होती.

हा खेळ आपला वेळ घड्याळाने मोजत नाही, चित्रांच्या चौकटींनी मोजतो. अमेरिकी यंत्र सेकंदाला ६० चौकटी काढते, पाल पद्धतीचे ५०. खेळाच्या पहिल्या टप्प्यावर पडद्यावरचा काळ ४०० पासून उलटा मोजला जातो आणि त्याचा एकेक आकडा २४ चौकटींनी कमी होतो. म्हणजे एकूण ९,६०० चौकटी. साठाने भागले तर २ मिनिटे ४० सेकंद. पन्नासाने भागले तर ३ मिनिटे १२ सेकंद. मारिओला एका जागी उभा करून मी स्टॉपवॉच लावले : २ मिनिटे ४० सेकंद.

मिरजेच्या माझ्या दुकानातला मारिओ तैवानी चिपवर चालत असे. माझ्या जुन्या दुरुस्ती-रजिस्टरात १९९३च्या पानावर दोन यंत्रांची नोंद आहे आणि पुढे चिपचे क्रमांक : यूए ६५२७पी आणि यूए ६५३८. या तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप. फॅमिकॉमच्या मुख्य चिपची आणि चित्राच्या चिपची नक्कल. पण नुसती नक्कल नव्हे. जपानी-अमेरिकी कॅसेट पाल टीव्हीवर न अडखळता चालावी, म्हणून त्यांच्यात चौकटींमधली वेळ मुद्दाम वेगळी बसवलेली होती. सूर जवळजवळ तोच राहतो, कारण मुख्य चिपची गती १.७९ ऐवजी १.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे फरक नगण्य. लय मात्र एक षष्ठांशाने मंदावते.

माझ्या दुकानातल्या मुलांचा मारिओ असा संथ होता. हिशेब त्याहून पुढे जातो. मी तासाचे पैसे घेत होतो आणि एका तासात पन्नास मिनिटांचा खेळ देत होतो. ती मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. त्यांचे उरलेले दहा-दहा मिनिटांचे देणे मी लागतो.

काळा थेंब

आता माझ्याकडे असलेले दुसरे यंत्र. दुकान बंद करताना मी त्या दोन जुन्या यंत्रांसकट बहुतेक माल भंगारात दिला. एकच ठेवले, तेही शेवटी शेवटी घेतलेले आणि सर्वांत स्वस्त म्हणून. त्याच्यावर कारखान्याचे नाव नाही, देशाचे नाव नाही. सोबत एक कॅसेट, जिच्यावर '९९९९९९९ इन १' असे छापले आहे आणि जिच्यात तेच मोजके खेळ नव्या नव्या नावांनी पुन्हा पुन्हा येतात. ताईचे यंत्र चालू झाल्याच्या उत्साहात मी हेही उघडले. दिवा लागतो, पडदा कोरा.

आत तळहाताएवढी पाटी. तिच्यावर ओळखीची एकही चिप नाही. मध्यभागी डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा. सिलिकॉनचा उघडा तुकडा सरळ पाटीवर चिकटवून, केसाएवढ्या तारांनी जोडून, वर राळ ओतायची ही पद्धत. चिपला खोके नको, पाय नकोत, छपाई नको, म्हणून स्वस्त. दुकानातल्या सगळ्या चिप त्या एका थेंबात बुडालेल्या. मी करता येते ते सगळे केले : ५ व्होल्ट बरोबर आहेत, कनेक्टर साफ केला, ड्राय सोल्डर होते तिथे पुन्हा डाग दिले. काही झाले नाही. थेंबाच्या आत जाण्याची वाट नाही.

तेव्हा मला या दोन यंत्रांतला फरक नीट दिसला. अमेरिकी यंत्राला कुलूप होते. त्याच्या मालकाने ते बंद ठेवण्यासाठी पेटंट घेतले, वकील लावले, खटला लढवला. त्यामुळेच त्याच्याबद्दल कागद आहेत. पेटंटात त्याची रचना आहे, निकालपत्रात त्याचे कामकाज आहे, प्रत्येक चिपवर तिचा क्रमांक आहे. मिरजेत बसून मी ते दुरुस्त करू शकलो. आमच्या यंत्राला कुलूप नव्हते. कुणाचीही कॅसेट घाला, ते कधीच संशय घेत नसे. पण त्याच्यामागे कुणी उभेही नव्हते. पेटंट नाही, खटला नाही, सर्व्हिस मॅन्युअल नाही. आपल्या शहरांतली आणि तालुक्यांच्या गावांतली कितीतरी मुले पहिल्यांदा पडद्याशी खेळली ती अशा यंत्रांवर आणि त्यांचा लेखी पुरावा म्हणून माझ्यापाशी माझे तेलकट रजिस्टर एवढाच आहे. ज्या दोन यंत्रांवर निदान चिपचे क्रमांक तरी छापलेले होते, ती मीच किलोच्या भावाने विकली.

थेंबाच्या शेजारी पत्र्याच्या छोट्या डबीतला एक क्रिस्टल आहे. यंत्राच्या नाडीचे ठोके तो देतो. भिंगाखाली त्याच्यावर आकडा दिसला : २६.६०१७. सहाने भागा, ४.४३३६ येतात आणि ही पाल पद्धतीची रंगाची कंप्रता आहे. पंधराने भागा, १.७७ येतात, त्या तैवानी चिपची गती. अमेरिकी यंत्राचा क्रिस्टल २१.४७७ चा, तो सहाने भागला की एनटीएससीची ३.५७९५ मिळते. म्हणजे नाव-गाव नसलेले हे यंत्र पाल टीव्हीसाठीच बांधलेले आहे आणि त्याच तैवानी कुळातले आहे, एवढे तरी ते मेल्यावरही सांगते. तो एवढासा क्रिस्टल राळेखाली जात नाही, म्हणून हे कळले.

वाचकांकडे एक मागणे आहे. माळ्यावर, कपाटावर, गावच्या घरात असे एखादे यंत्र पडले असेल तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी ते उघडून पाहा. चिपवर क्रमांक असेल तर तो लिहून ठेवा, नसेल तर क्रिस्टलवरचा. कुठल्या साली, कुठल्या गावात, किती रुपयांना घेतले तेही लिहा. माझ्यासारखा कुणीतरी पुढेमागे ते शोधत येईल.

मी माझे जुने रजिस्टर पुन्हा उघडले आहे. शेवटच्या नोंदीनंतरची कोरी पाने पिवळी पडली आहेत. त्यांतल्या पहिल्यावर दोन ओळी लिहिल्या. एक : "एनईएस, भाच्याचे. एलिमिनेटर नवा, कपॅसिटर नवा, कनेक्टर उकळला. पिन चार कापलेली नाही. चालू." दुसरी : "दुकानातले, नाव नाही. क्रिस्टल २६.६०१७, ५० चौकटी. थेंबात दोष. बंद. ठेवले आहे."